गल्ल्याजवळची बरणी

"अहो, हात कशानं रंगला तुमचा?" तांब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतता ओतता सुलोचनानं विचारलं.

मी पाहिलं. उजवा हात नेहमीसारखा होता, शाईचा एक डाग सोडला तर. डाव्या तळहातावरून मात्र गुलाबी पाणी ओघळत होतं आणि मोरीच्या दगडावरून नळीकडे चाललं होतं.

"गोळ्यांचा असेल. सकाळपासून गोळ्याच वाटतोय," मी म्हणालो.

"गोळ्यांचा रंग असा सुटत नाही. मी रोज बरणी पुसते ना." तिनं माझं मनगट धरून तळवा नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. "ह्याला तर औषधाचा वास येतोय."

मीही वास घेतला. बावीस वर्षं बी-बियाणं विकल्यावर तो वास ओळखायला वेळ लागत नाही. ताटात भाकरी वाढलेली होती. तिच्याकडे न बघता मी मधलं दार ढकलून दुकानात पळालो.

गल्ल्याच्या डाव्या अंगाला बरणी होती. झाकण उघडलं. आत बडीशेपेच्या गोळ्या नव्हत्या. आत हायब्रीड ज्वारीचं बियाणं होतं, औषध लावलेलं, गुलाबी. खऱ्या गोळ्यांची बरणी मागच्या फळीवर, कीटकनाशकाच्या डब्यांना टेकून गुमान बसली होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. आमचं दुकान तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या टोकाला. पुढं दुकान, मागं घर. माझे वडील बियाणं नेणाऱ्याच्या लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. पेरणीला निघालेल्या घरचं लेकरू दुकानातून तोंड गोड करूनच जायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मी धंद्यात आलो आणि गुळाला मुंग्या लागतात म्हणून बडीशेपेच्या गोळ्या आणल्या, पांढऱ्या आणि गुलाबी. मग गोळ्यांच्या शेजारी लिमलेटची बरणी आली. मग बिस्किटांचे पुडे. मग तारेला टांगलेल्या पोंग्यांच्या पिशव्या. गल्ल्याभोवती असा बाजार मांडला की बियाण्याच्या दुकानात आलोय की जत्रेत, असं लोक विचारायचे.

सुलोचनाला हे कधी पटलं नाही. "एका फळीवर विष आणि दुसऱ्या फळीवर खाऊ. तुम्हाला भीती कशी वाटत नाही?" ती म्हणायची.

"लेकरू खाऊसाठी अडून बसतं, मग बापही थांबतो. थांबला की चार गोष्टी जास्तीच्या घेतो. तुला धंदा कळायचा नाही," असं मी तिला ऐकवायचो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश व्हायचो.

त्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस आला होता, नाईकवाडी नावाचा. पेरणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. त्याला नव्या वाणाचं बियाणं शेतकऱ्यांना दिसेल असं मांडायचं होतं. एखादी रिकामी बरणी द्या म्हणाला. मी गोळ्यांचीच एक जुनी बरणी दिली, त्याच मापाची, त्याच लाल झाकणाची. जाताना तो म्हणाला होता, "शेटजी, गल्ल्याजवळची जागा मला द्या. पैसे मोजताना माणसाची नजर तिथंच असते. गोळ्या काय, मागं ठेवल्या तरी पोरं शोधून काढतात."

मी बिल लिहीत होतो. मान हलवली असणार. मान हलवल्याचं मला आठवत नव्हतं, पण नाईकवाडीनं बरण्यांची अदलाबदल केली होती, हे आता दिसत होतं. आणि बिल लिहिता लिहिता डावा हात बरणीत घालून मूठभर गोळ्या कागदात बांधायची माझी सवय अशी पक्की की डोळ्यांचं त्यात कामच नव्हतं.

"कुणाला दिल्या?" सुलोचना दारात येऊन उभी होती. तिच्या हातात अजून तांब्या होता.

"थांब, आठवू दे."

"नाईकवाडी गेल्यावर लेकरू घेऊन कोण आलं होतं?"

मी डोळे मिटले. गर्दीतली माणसं समोर येत होती. बाप्ये, बाप्ये, एक म्हातारी. आणि मग पोत्याला टेकून उभी असलेली एक पोरगी, सहाएक वर्षांची. तेल लावून घट्ट वेण्या घातलेली. पुडी हातात पडल्यावर तिनं ती परकराच्या ओच्यात न टाकता मुठीत धरली होती.

"निंबळवाडीचा ग्यानोबा सुरवसे. त्याच्याबरोबर नात होती," मी म्हणालो. "दुसरं कुणी नाही. एवढंच एक लेकरू."

"किती वेळ झाला?"

"तास. तासाच्या वर झाला असेल."

सुलोचना ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं मागच्या फळीवरची खरी बरणी उघडली, मूठभर गोळ्या कागदात बांधल्या आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात घातल्या.

"ह्या कशाला?"

"नुसती मागितलीत तर लेकरू पुडी सोडणार नाही. ही द्या, ती घ्या. आणि निघा आता, उभे काय राहिलात? डॉक्टरांना मी सांगून ठेवते."

मी लुना काढली. निंबळवाडी कोसभरावर. डांबरी रस्ता गावाजवळच्या ओढ्यापर्यंतच, पुढं गाडीवाट. लुना कितीही पिळली तरी तिच्या मानानंच चालते, आणि त्या दिवशी तर ती चालत नव्हतीच असं मला वाटत होतं.

ते औषध काय करतं ते मला ठाऊक होतं. पेरणी झाल्यावर दोन दिवसांनी शेताच्या कडेनं चालत जा, मेलेल्या चिमण्या दिसतात, पेरलेल्या ओळींतच पाय वर करून पडलेल्या. मागच्या साली एका गिऱ्हाइकाची शेळी उरलेलं बियाणं खाऊन संध्याकाळपर्यंत गेली होती. मी त्याला वर तोंड करून सांगितलं होतं, पिशवीवर लिहिलेलं असतं, वाचायला काय होतं? आता पिशवी नव्हती. वर्तमानपत्राच्या तुकड्यात माझ्या हातानं बांधलेली पुडी होती आणि तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. पण एक गोष्ट सांगतो, कारण ती लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. पोरीच्या जिवाची भीती तर होतीच. तिच्याबरोबर दुसरीही एक भीती लुनावर माझ्या मागं बसलेली होती. पोरीला काही झालं तर लोक म्हणतील, शेट्यानं मारली. दुकान जाईल, लायसन जाईल, निंबळवाडीचे लोक मला दारात गाठतील. आणि ह्या दुसऱ्या भीतीनं वाटेतच मला एक वाक्य तयार करून दिलं.

डांबरी रस्ता संपला तिथं ओढ्याच्या अलीकडं ग्यानोबाची बैलगाडी दिसली. तो शेताच्या बांधावर पोतं उतरवत होता. गाडीत पोरगी नव्हती.

"नात कुठंय?" लुना पाडतच मी विचारलं.

"शेटजी?" तो गडबडला. "काय झालं? माझं काय राहिलं का दुकानात?"

"नात कुठंय तुमची?"

"शेवंता व्हय? घरी सोडली की. ऊन लई हाय. तिची माय रानात गेलीय खुरपायला, तवा घरी एकलीच हाय. का बरं?"

"ती पुडी... ती गोळ्यांची पुडी खाल्ली का तिनं?"

"वाटंनं तर मुठीत धरूनच बसली हुती. मी म्हनलं खा की गं, तर न्हाई म्हनली, घरी गेल्यावर." तो माझ्या तोंडाकडं बघू लागला. "शेटजी, काय झालंय?"

तयार झालेलं वाक्य तोंडातून निघून गेलं.

"त्या गोळ्या नव्हत्या. औषधाचं बी होतं. पोरीनं चुकून दुसऱ्या बरणीत हात घातला वाटतं."

ग्यानोबाच्या हातातलं पोतं घसरून खाली आलं. तो पळायला लागला, साठीच्या पुढचा माणूस, अनवाणी, धोतर वर खोचून. मी लुना घेऊन त्याच्या पुढं झालो. घर कुठलं ते विचारायलाही थांबलो नाही, नुसतं ओरडून विचारलं आणि त्यानं मागून ओरडून सांगितलं, "देवळामागं! लिंबाचं झाड!"

लिंबाच्या झाडाखाली मातीचं घर. दार सताड उघडं. अंगणात मी लुना टाकली आणि पहिली दिसली ती कोंबडी. तपकिरी रंगाची, पसरलेल्या पंखांवर पडलेली. मान एका बाजूला वळलेली, एक पाय जरा जरा हलत होता. माझ्यासमोरच तो हलायचा थांबला.

उंबऱ्यावर वर्तमानपत्राचा तुकडा पडला होता. रिकामा. मधोमध गुलाबी डाग.

"शेवंता!" मी हाक मारली. "ए पोरी!"

आतून उत्तर नाही. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही दिसेना. मग दिसलं. कोपऱ्यातल्या पोत्यावर पोरगी कुशीवर पडली होती. डोळे मिटलेले. हात गुलाबी. ओठांच्या कडेलाही गुलाबी.

माझ्या तोंडून कसलासा आवाज आला, तो माझा मलाच ओळखू आला नाही. मी तिला उचलून बसवलं, गदागदा हलवलं. मान लटकत होती. आणि मग तिनं डोळे उघडले आणि अनोळखी माणूस बघून किंचाळली.

त्या किंचाळण्यासारखं गोड मी जन्मात काही ऐकलेलं नाही. पण तेव्हा तेवढ्यावर थांबायची सोय नव्हती. चुलीजवळ मिठाचं मडकं होतं. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं, तिचं नाक दाबलं आणि ओतलं. पोरीनं मला चावलं, ओरबाडलं, पण मी सोडलं नाही. घशात बोट घातलं. ती भडाभडा ओकली. मी गुडघ्यावर बसून त्यात बघत राहिलो. भाकरीचे तुकडे होते, ताक होतं. गुलाबी काही नव्हतं. एक दाणासुद्धा नव्हता.

"दाणे कुठंयत?" मी विचारत होतो. "गोळ्या कुठं गेल्या? किती खाल्ल्यास? बोल ना गं!"

ती हुंदके देत भिंतीला चिकटली होती. "न्हाई खाल्ल्या."

"मग हात कशानं रंगले? तोंड कशानं रंगलं?"

"शेंबूड पुसला," ती म्हणाली.

"मग दाणे कुठंयत?"

तिनं गुलाबी बोटानं दाराबाहेर दाखवलं. "पेरले."

मला कळेना. ती दबकत दबकत, भिंत धरून बाहेर आली आणि अंगणाच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. न्हाणीच्या पाण्यानं तिथली माती ओली असायची. हातभर जागेत काडीनं पेरणीच्या ओळींसारखे तीन तास ओढलेले होते, बांधसुद्धा घातलेला होता. दोन तास अजून नीट बुजवलेले होते. तिसरा उकरलेला होता, आणि त्याच्याशेजारी ती कोंबडी पडली होती.

मी मातीत बोटं घातली. दाणे निघाले. गुलाबी, ओले, एकेक बोट सोडून टाकलेले.

"आज्याला पोतं दिलं," ती रडत रडत सांगत होती. "मला पुडी दिली. आज्याच्या पोत्यात हाय तसलंच बी हाय. मला ठावं हाय. खायचं नसतंय ते, पेरायचं असतंय. मग मी पेरलं. कोंबडीनं उकरलं, मी हुसकली तरी उकरलं."

बावीस वर्षं मी बियाणं विकत होतो. गोळी कोणती आणि बी कोणतं हे माझ्या हाताला कळलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला पुडी उघडल्याबरोबर कळलं होतं, आणि दुकानदारानं आपल्यालाही आपल्या वाट्याचं बियाणं दिलं म्हणून ती वाटभर ते मुठीत सांभाळून घरी घेऊन आली होती. मी त्या ओल्या मातीत बसकण मारली. संध्याकाळी डॉक्टरांनी तिला तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि काही नाही म्हणाले, पण मला ते तिथंच त्या तीन तासांपाशी कळलं होतं.

तेवढ्यात ग्यानोबा आला. धापा टाकत, पाय रक्ताळलेले. त्यानं कोंबडी बघितली, ओकलेलं बघितलं, उभी असलेली पोरगी बघितली. तिच्या डोक्यावरून, पोटावरून हात फिरवला. "खाल्लं का?" त्यानं मला विचारलं.

"नाही. पेरलं तिनं. एकही खाल्लेला नाही."

त्यानं आभाळाकडं बघून हात जोडले. तो रडत होता. मग, भीती उतरली की माणसाला येतो तसा राग त्याला आला, आणि तो राग कुणावर काढायचा हे मीच त्याला ओढ्यापाशी सांगून ठेवलं होतं.

"दुसऱ्याच्या बरनीत हात घालतीस?" त्यानं तिचा दंड धरला. "चोरी करतीस? मेली असतीस म्हंजे?" आणि फाडकन तिच्या गालात लगावली.

शेवंता रडली नाही. आत्तापर्यंत रडत होती ती एकदम थांबली. "म्या न्हाई घातला हात," ती म्हणाली. "ह्यांनीच दिलं."

"शेटजी खोटं बोलतेत व्हय?"

ती माझ्याकडं बघू लागली. ग्यानोबाही बघू लागला, पण त्याच्या बघण्यात विचारणं नव्हतं. तो माझ्याकडं ओशाळलेल्या नजरेनं बघत होता. त्याच्या नातीनं चोरी केली होती आणि मी ऊन डोक्यावर घेऊन तिचा जीव वाचवायला आलो होतो, असंच त्याच्या मनात होतं. मी गप्प राहिलो असतो तर तो जन्मभर माझे पाय धरत राहिला असता.

आणि मी गप्प राहिलो. कोंबडीवर माश्या बसायला लागल्या होत्या, त्या मी बघत होतो.

मग काय करावं ते न सुचून मी खिशात हात घातला. सुलोचनानं दिलेली पुडी होती. ती उघडली आणि शेवंतापुढं धरली. पांढऱ्या आणि गुलाबी गोळ्या.

"घे बाळ," मी म्हणालो. "ह्या खायच्या आहेत."

तिनं पुडीत बघितलं. एक गुलाबी गोळी उचलली, उजेडात धरली, नाकाशी नेली. ग्यानोबा म्हणाला, "घे की. शेटजी देतेत तर घे." तिनं ती गोळी तोंडात घातली नाही. माझ्या तळहातावर परत ठेवली.

"तुमी आदी खावा," ती म्हणाली.

आज माझ्या दुकानात गल्ल्याजवळ काही नाही, नुसती पुसलेली फळी आहे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खाऊच्या कंपनीचा माणूस येतो. फुकट स्टँड देतो म्हणतो, शेटजी, ही जागा वाया चाललीय, म्हणतो. माझा मुलगाही त्याच्याच बाजूनं बोलतो. त्या दोघांना मी नाही एवढंच सांगतो, कारण सांगत नाही. माझ्या तळहातावरची ती एक गोळी आणि माझ्या घशाकडं लागलेले ते डोळे दुकानात बसून कसे सांगायचे?

त्या दिवशी त्या अंगणात मी गोळी तोंडात घातली. शेवंता माझ्याकडं एकटक बघत होती, गालावर आज्याची चार बोटं उमटलेली. मी गिळेपर्यंत तिनं नजर हलवली नाही.

गोळी खाली उतरली.

"ग्यानोबा," मी म्हणालो, "बरणीत तिनं हात घातला नव्हता. तो माझा हात होता."

आणि डावा तळवा त्याच्यापुढं उघडला. रंग अजून गेला नव्हता.